एडीएचडी आणि चिंता एकत्र असतील तेव्हा काय करावे

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणे, स्वस्थ बसणे आणि उतावळेपणा आवरणे अवघड जाण्याची, लहानपणापासून असलेली अवस्था. ती असलेल्या प्रौढांमध्ये चिंताविकार किती प्रमाणात आढळतात, याचा अंदाज देणारा एक मोठा अभ्यास अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एडीएचडी असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४७ टक्के जणांना मागच्या वर्षभरात कोणता ना कोणता चिंताविकार होता, तर एडीएचडी नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आत होते. म्हणजे हे दोन्ही त्रास एकाच माणसात असणे मुळीच दुर्मीळ नाही. तरीही आपल्याकडे बहुतेक वेळा यांतला एकच ओळखला जातो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, सतत काहीतरी वाईट घडेल असे वाटते, या तक्रारी घेऊन माणूस डॉक्टरांकडे जातो; कामे अर्धवट राहणे, वस्तू हरवणे, वेळेचा अंदाज चुकणे यांना मात्र तो स्वतःच आळस किंवा वेंधळेपणा ठरवून टाकतो आणि त्यांचा उल्लेखही करत नाही. मग चिंतेवर उपचार होतात, पण ती रोज नव्याने ज्यातून निर्माण होते ते सगळे जसेच्या तसे राहते.

हे मार्गदर्शन मुख्यतः अशा प्रौढांसाठी आहे, ज्यांना आपल्याला दोन्ही त्रास असावेत अशी शंका आहे, किंवा ज्यांच्या एका त्रासाचे निदान झाले आहे पण उपचार घेऊनही गाडे पुढे सरकत नाही. निदान करण्याचे काम तज्ज्ञांचेच आहे. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी काय पाहावे, काय लिहून न्यावे आणि उपचार सुरू असताना रोजच्या जगण्यात कोणते बदल करावेत, एवढे येथे मांडले आहे.

चिंता कोणती कामे करत असते

निदान न होता वर्षानुवर्षे एडीएचडीसह जगलेल्या माणसाची चिंता बऱ्याचदा कामाला जुंपलेली असते. ठरवलेली गोष्ट योग्य वेळी आठवणे, हातातले काम सोडून पुढच्या कामाकडे वळणे, कंटाळवाणे काम सुरू करणे आणि किती वेळ गेला याचे भान ठेवणे, या गोष्टी बहुतेक लोकांकडून फारसा विचार न करता होतात. एडीएचडीमध्ये मेंदूची ही स्वनियमनाची यंत्रणा कमी भरवशाची असते. घरात, शाळेत, नोकरीत पुन्हा पुन्हा बोलणी खाल्ल्यावर माणूस नकळत भीतीची मदत घेऊ लागतो. पहाटेची गाडी पकडायची असेल तर तो रात्रभर जागाच राहतो, कारण एकदा डोळा लागला की वेळेवर जाग येईल याची त्याला खात्री नसते. अहवालाची मुदत उद्यावर येऊन ठेपली आणि पोटात गोळा आला, की मगच त्याचा हात चालू लागतो. कुलूप लावले का, गॅस बंद केला का, हे तो दोनतीनदा पाहतो. आणि पूर्वी खरोखरच कुलूप उघडे राहिलेले असल्यामुळे त्याचे ते पाहणे अगदीच निराधार नसते.

म्हणून ‘काळजी करणे सोडून द्या’ हा सल्ला अशा माणसाच्या उपयोगी पडत नाही. काळजी सोडली तर कामे कोण करून घेणार, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो. चिंतेवरच्या औषधाने बरे वाटू लागल्यावर काही जण सांगतात, की आता धडधड होत नाही, पण हातून कामही होत नाही. तेव्हा औषध चुकले असा निष्कर्ष घाईने काढू नये. ज्या भीतीच्या जोरावर सगळे चालले होते ती ओसरली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीच व्यवस्था आली नाही, हे त्यामागचे कारण असू शकते. पुढच्या सगळ्या सूचना याच मुद्द्यावर उभ्या आहेत. चिंता कमी करायची, आणि त्याच वेळी ती जी कामे करत होती ती एकेक करून दुसरीकडे सोपवायची.

दोन्ही त्रास एकमेकांना कसे वाढवतात

वीजबिल भरायचे राहते, विम्याचा हप्ता चुकतो, वरिष्ठांच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून जाते. त्याचा दंड बसतो किंवा बोलणी बसतात. पुढच्या वेळी तशीच पत्रे दिसली की आधी लाज वाटते, लाजेमुळे ती उघडली जात नाहीत, आणि न उघडलेल्या पत्रांचा ढीग वाढत गेला की त्याचा घोर लागून राहतो. येथे चिंतेचा विषय काल्पनिक नसतो. बिल खरेच थकलेले असते. चिंताविकाराच्या उपचारांत ‘तुम्हाला वाटते तितके वाईट घडत नाही’ हे पटवून देण्यावर भर असतो. पण ज्याच्या बाबतीत ते वारंवार घडलेले आहे त्याला नुसते विचार बदलून दिलासा मिळत नाही. त्याला विचारांबरोबर व्यवस्थाही बदलावी लागते.

उलट दिशेनेही हेच होते. एखादा दूरध्वनी क्रमांक ऐकल्यापासून तो लिहून होईपर्यंत डोक्यात धरून ठेवणारी जी तात्पुरती स्मृती असते, तिची क्षमता सगळ्यांचीच मर्यादित असते आणि एडीएचडीमध्ये ती बहुधा आणखी तोकडी पडते. काळजीचे विचार याच स्मृतीत जागा अडवून बसतात. त्यामुळे चिंता वाढलेल्या दिवशी विसरणेही वाढते, आणि विसरण्यातून पुढची चिंता तयार होते. काही जणांमध्ये चिंतेमुळे उतावळेपणा थोडा आवरला जातो, म्हणून बाहेरून ते शांत आणि जबाबदार दिसतात. विशेषतः मुलींच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत, जिथे धावपळीपेक्षा हरवलेपणाच अधिक असतो, तिथे या शांतपणामुळे एडीएचडीची शंकाच कोणाला येत नाही आणि अनेकींचे निदान ‘चिंता’ किंवा ‘नैराश्य’ या शब्दांपाशीच थांबते.

एडीएचडीमध्ये अनुवांशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून तो सुमारे ७४ टक्के इतका मांडला गेला आहे. चिंतेची प्रवृत्तीही काही अंशी घराण्यातून येते. त्यामुळे एखाद्याला दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मिळालेल्या असणेही शक्य आहे.

लक्ष कशामुळे जाते, हे पाहण्याच्या रीती

दोन्ही त्रासांत लक्ष लागत नाही, अस्वस्थता असते, झोप बिघडते आणि कामे लांबणीवर पडतात. म्हणून नुसत्या लक्षणांच्या यादीवरून काहीच ठरत नाही.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निकष काळाचा आहे. एडीएचडी ही वाढीच्या काळापासून असलेली अवस्था आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत असे निश्चित केले, की काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, ती घर, शाळा, नोकरी यांपैकी किमान दोन ठिकाणी जाणवावीत, आणि सतरा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीमध्ये अवधानाच्या अभावाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावीत. तिसाव्या वर्षी नोकरी बदलल्यावर किंवा घरात आजारपण आल्यावर प्रथमच लक्ष लागेनासे झाले असेल, तर आधी चिंता, नैराश्य, झोपेचा अभाव किंवा शरीरातील बिघाड यांचा विचार व्हायला हवा. मात्र ‘शाळेत तर चांगले गुण मिळत होते’ एवढ्यावरून एडीएचडी नाही असेही म्हणता येत नाही. आईने दप्तर भरून दिले, वडिलांनी शेजारी बसून अभ्यास घेतला, शिकवणीच्या बाईंनी रोज वही तपासली, तर अडचण झाकलेली राहते. ती वसतिगृहात, पहिल्या नोकरीत किंवा संसार अंगावर पडल्यावर उघडी पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे मन भटकते तेव्हा कुठे जाते, हे पाहणे. चिंतेमुळे लक्ष उडते तेव्हा मन बहुधा एकाच विषयाभोवती घुटमळत राहते: नोकरी जाईल, आजार निघेल, लोक काय म्हणतील. एडीएचडीमध्ये ते खिडकीबाहेरच्या आवाजाकडे, आठवलेल्या गाण्याकडे, फोनमधल्या बातमीकडे, कुठेही जाते, आणि त्या भटकण्यात भीती असतेच असे नाही. काळजीचे काहीही कारण नसलेल्या सुट्टीच्या दिवशी, आवडते पुस्तक वाचतानाही चार ओळी वाचून पाचवीला मन निसटते का, हे पाहण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट काम लांबण्याच्या कारणाची. काम चुकेल या भीतीने ते सुरू होत नसेल, प्रत्येक वाक्य दहादा खोडले जात असेल, तर चिंतेचा हात मोठा आहे. कामाची भीती नाही, ते येतेही, पण सुरुवातच होत नाही आणि वेळ कुठे गेला ते कळत नाही, तर एडीएचडीचा हात मोठा आहे. बऱ्याच जणांना ही दोन्ही वर्णने आपलीच वाटतील. तसे वाटले तर कोणते एक खरे, असा हट्ट धरू नये; कोणत्या कामात कोणते कारण पुढे असते, एवढेच टिपावे.

दोन आठवड्यांची नोंद

हे टिपण्यासाठी दोन आठवडे पुरतात. वही लहान, खिशात मावणारी असावी. फोनमध्ये नोंदी करायला गेल्यास त्यातच अर्धा तास जाण्याचा धोका असतो. दिवसातून एक किंवा दोनच प्रसंग लिहावेत. काय करायचे होते, प्रत्यक्षात काय झाले, त्याच्या आधी मनात आणि शरीरात काय चालले होते, आणि आदल्या रात्री झोप किती झाली, एवढे चार तपशील पुरे आहेत. उदाहरणार्थ: ‘मंगळवार. बँकेला फोन करायचा होता. केला नाही. फोन हातात घेतला की घसा कोरडा पडला, समोरचा ओरडेल असे वाटले. झोप पाच तास.’ दुसरी नोंद अशी असेल: ‘बुधवार. कपडे वाळत घालायला गच्चीवर निघालो. वाटेत कपाट आवरायला लागलो. कपडे संध्याकाळपर्यंत बादलीत. काळजी वगैरे काही नव्हती. झोप सात तास.’ या दोन नोंदींमधला फरक तज्ज्ञाला लगेच दिसतो, आणि दोन आठवड्यांनी स्वतःलाही दिसू लागतो. मधले दोनतीन दिवस लिहायचे राहिले तर ते आठवून भरू नयेत. पुढच्या दिवसापासून चालू ठेवावे. चहा आणि कॉफी दिवसातून किती वेळा होते, याचीही नोंद ठेवावी, कारण कॅफिनमुळे होणारी धडधड आणि चिंतेची धडधड शरीराला सारखीच जाणवते.

याबरोबर दोन प्रश्नावल्या भरता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेल्या प्रौढांच्या एएसआरएस प्रश्नावलीत एकूण अठरा प्रश्न आहेत आणि त्यांतले पहिले सहा प्राथमिक चाळणीसाठी वापरले जातात. जीएडी-७ या सात प्रश्नांच्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांतील चिंता मोजली जाते. तिचे गुण ० ते २१ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करून घ्यावी असे मानतात. या चाळण्या आहेत, निदाने नाहीत. तीव्र चिंता असलेल्या माणसाचे एएसआरएसचे गुणही वाढू शकतात, म्हणून समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून आणि एक प्रश्नावली भरून स्वतःवर शिक्का मारू नये, असे मी आवर्जून सांगेन.

तपासणीसाठी जाताना

औषधांसाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. मानसशास्त्रीय चाचण्या आणि विचार-वर्तन उपचारपद्धती (सीबीटी), म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे संवादातून होणारे उपचार, यांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ पाहावेत. भेट ठरवतानाच ‘प्रौढांमधील एडीएचडीची तपासणी आपण करता का’ असे विचारणे योग्य आहे, कारण सर्वांनाच त्याचा सारखा अनुभव नसतो. खाजगी फी परवडत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मनोविकार विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयात मिळणारी सेवा, आणि गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही मनोविकारांची सरकारी संस्था असे मार्ग आहेत. तेथे गर्दी असते आणि बोलायला मिळणारा वेळ थोडा असतो. म्हणूनच लिहून नेलेले एक पान तेथे अधिक मोलाचे ठरते.

सोबत शाळेची जुनी प्रगतिपुस्तके न्यावीत. त्यांतल्या गुणांपेक्षा वर्गशिक्षकांचे शेरे जास्त उपयोगी असतात. ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’, ‘बडबड करते’, ‘गृहपाठ अपुरा’ असे शब्द वीस वर्षांनी पुरावा म्हणून कामाला येतात. ती हरवली असतील तर आई, वडील, मोठी ताई किंवा दादा यांच्यापैकी लहानपण जवळून पाहिलेल्या कोणाला तरी सोबत न्यावे किंवा त्यांच्याकडून चार आठवणी लिहून घ्याव्यात. वडीलधारी मंडळी ‘आमच्या घरात असले काही नाही’ असे म्हणतील तर त्यांच्याशी वाद घालू नये. ‘मी लहानपणी वस्तू हरवायचो का? मला एका जागी बसवायला तुम्हाला काय काय करावे लागायचे?’ असे साधे प्रश्न विचारले की ती मनापासून सांगू लागतात.

एडीएचडीचे निदान करणारी रक्ताची चाचणी किंवा मेंदूचे स्कॅन नाही. तसे सांगून कोणी महागडी चाचणी करायला लावत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. मात्र थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांच्या तपासण्या डॉक्टरांनी सुचवल्यास त्या टाळू नयेत. थायरॉइडचे कार्य वाढले की धडधड, थरथर आणि बेचैनी हुबेहूब चिंतेसारखी दिसते. घोरणे आणि दिवसा पेंग येणे असेल तर झोपेतील श्वसनाच्या अडथळ्याचाही विचार व्हावा.

आत्महत्येचे विचार येत असतील, दारू किंवा इतर पदार्थांचा आधार घ्यावा लागत असेल, किंवा अनेक दिवस झोप कमी होऊनही उत्साह उतू जात असेल, तर या गोष्टी पहिल्याच भेटीत आणि सगळ्यांत आधी सांगाव्यात. भेटीची वाट पाहण्याजोगी स्थिती नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

औषधांविषयी

दोन्ही त्रास असतील तर आधी कशावर उपचार करायचे, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. ज्या त्रासाने जगणे जास्त अडवले आहे त्याला आधी हात घालावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. घराबाहेर पडणेच बंद झाले असेल तर आधी चिंता; चिंतेचे सगळे विषय विसरणे, उशीर आणि थकलेली कामे हेच असतील तर एडीएचडी आधी.

एडीएचडीसाठी दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक गटातील औषध चिंता वाढवतेच, असा समज पुष्कळ आहे. काही जणांना तसे होते, विशेषतः सुरुवातीला किंवा मात्रा वाढवताना. पण मुलांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात उत्तेजक औषध घेणाऱ्यांमध्ये चिंतेची तक्रार निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरीने कमी आढळली. कामे वेळेवर होऊ लागली की काळजीचे विषयच घटतात, हे त्याचे एक कारण असावे. सरासरी मात्र एका माणसाचे काय होईल ते सांगत नाही, म्हणून कमी मात्रेने सुरुवात करून नोंदवही चालू ठेवावी. गोळी घेतल्यावर नाडी जलद होते आहे, की मनात काळजीचे विचार वाढले आहेत, हे वेगवेगळे लिहावे. डॉक्टरांचा निर्णय या फरकावर अवलंबून असतो. त्या काळात चहा-कॉफी कमी करावी. हे औषध भारतात अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत येते, त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेता स्वतःकडे ठेवतो. सगळ्या दुकानांत ते मिळत नाही. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी चिठ्ठीची व्यवस्था करावी, आणि परदेशी जाताना त्या देशाचे नियम आधी पाहून घ्यावेत.

ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीवरचे, पण उत्तेजक नसलेले औषध आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण चिंता सोबत असणाऱ्यांसाठी डॉक्टर त्याचा विचार बऱ्याचदा करतात. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन आधीपासून चालू असेल तर ते न चुकता सांगावे, कारण या गोळ्यांमुळे ॲटोमॉक्सेटिनचे रक्तातील प्रमाण वाढते. चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या या एसएसआरआय गटातील औषधांनी चिंता कमी होते, पण एडीएचडीच्या मूळ अडचणी सुटतील अशी अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या चिंता लगेच शमवणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू ठेवल्या जातात, याची मला फार चिंता वाटते: त्यांची सवय लागते आणि स्मृती व अवधान मंदावते, म्हणजे जे आधीच कमी आहे तेच आणखी कमी होते. तरीही त्या एकदम बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्यात.

चिंतेची कामे दुसरीकडे सोपवणे

आता रोजच्या व्यवस्थेकडे येऊ. आपली चिंता कोणकोणती कामे करते, याची यादी नोंदवहीतून काढावी आणि त्यांतले एकच काम निवडून त्याला बाहेरचा आधार द्यावा. सगळी यादी एकाच रविवारी मार्गी लावण्याचा मोह होतो, तो आवरावा.

समजा, चिंतेचे मुख्य काम आठवण ठेवणे हे आहे. मग आठवणींची जागा एकच असावी: भिंतीवरची मोठी दिनदर्शिका किंवा एकच वही. तीन ॲप, चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि स्वतःलाच पाठवलेले संदेश अशी विभागणी झाली की कुठे काय लिहिले याचीच काळजी लागते. वीज, फोन आणि विम्याचे हप्ते यांसाठी बँकेत स्वयंचलित भरणा लावून द्यावा, म्हणजे ते काम स्मृतीकडे राहतच नाही. आठवण लिहिताना ती केव्हा आणि कशाच्या पाठोपाठ करायची, हेही लिहावे. ‘डॉक्टरांना फोन’ असे लिहिलेले काम पडून राहते. ‘दुपारचा डबा खाल्ल्यावर, जागेवरून उठण्यापूर्वी डॉक्टरांना फोन’ असे लिहिलेले काम होण्याची शक्यता वाढते.

वेळेचे भान ठेवण्यासाठी काटे असलेले घड्याळ कामाच्या जागेवरून दिसेल असे लावावे. गजर एक न लावता दोन लावावेत: पहिला आवराआवर सुरू करण्याचा, दुसरा दाराबाहेर पडण्याचा. पहाटेच्या प्रवासाच्या आदल्या रात्री बॅग, तिकीट आणि किल्ल्या दाराशी ठेवून, घरातल्या एकाला उठवण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत द्यावी आणि मग झोपावे. दुसऱ्याच्या भरवशावर झोपणे सुरुवातीला अवघड जाते. चारपाच वेळा सगळे सुरळीत झाले की शरीर ते हळूहळू मान्य करते.

कुलूप आणि गॅस यांच्या बाबतीत एक नियम करावा: एकदाच पाहायचे, पण पूर्ण लक्ष देऊन, मोठ्याने ‘गॅस बंद’ असे म्हणून. हे पहिले पाहणे एडीएचडीसाठी आवश्यक आहे. दुसरे आणि तिसरे पाहणे चिंतेचे असते, आणि ते प्रत्येक वेळी केल्याने शंका कमी न होता वाढत जाते. नियम पाळूनही पाहणे थांबत नसेल आणि त्यात बराच वेळ जात असेल, तर मंत्रचळ म्हणजे ओसीडी आहे का, हे तज्ज्ञांना विचारावे.

काम सुरू करण्यासाठी भीतीऐवजी माणसाची सोबत फार उपयोगी पडते. शेजारी कोणी आपापले काम करत शांत बसले, किंवा मित्र व्हिडिओ कॉलवर नुसता हजर असला, तरी अनेकांना सुरुवात करता येते. सोबतीने बसणाऱ्याने उपदेश करू नये, चौकशाही करू नयेत. हे त्याला आधीच सांगून ठेवावे. पतीपत्नींमध्ये आठवण करून देणे लवकरच कटकटीचे रूप घेते, म्हणून कोणत्या गोष्टीची आठवण करायची, किती वेळा करायची, हे दोघांनी शांत वेळी बसून ठरवावे.

काळजीच्या विचारांसाठी दिवसातला ठरावीक वेळ राखून ठेवण्याची पद्धत चिंतेच्या उपचारांत जुनी आहे. संध्याकाळी वीस मिनिटे एका ठरलेल्या खुर्चीत बसून काळज्या लिहायच्या आणि इतर वेळी विचार आला की तो त्या वेळेवर ढकलायचा. एडीएचडी असेल तर त्यात एक बदल लागतो: विचार ढकलताना तो एका शब्दात वहीत टिपावाच लागतो, नाहीतर ‘विसरून जाईन’ या भीतीने मन तो सोडतच नाही. लिहिलेल्या काळज्यांपैकी ज्यांवर उद्या काही करता येईल त्या कामांच्या यादीत न्याव्यात, बाकीच्या तेथेच राहू द्याव्यात. तासभर डोळे मिटून बसण्याचे ध्यान जमत नाही म्हणून खंत करू नये. चालताना पावलांकडे आणि श्वासाकडे दहा मिनिटे लक्ष देणे, किंवा श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देणे, एवढेही पुरते.

विचार-वर्तन उपचार घ्यायचे असतील तर त्यात नियोजन आणि कामांची मांडणी शिकवली जाते का, हे विचारावे. औषध घेऊनही त्रास शिल्लक राहिलेल्या ८६ प्रौढांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा कौशल्यांवर आधारलेल्या उपचारांचा फायदा केवळ शिथिलीकरण आणि माहिती देण्यापेक्षा अधिक दिसला. घरी करायचा अभ्यास विसरला जाणारच, म्हणून तो बैठक संपण्यापूर्वी लिहून घ्यावा आणि त्याची वेळही तेथेच दिनदर्शिकेत मांडावी.

टाळलेल्या कामांकडे परतणे

न उघडलेल्या पत्रांचा ढीग, महिनोन्‌महिने न भरलेला अर्ज, उत्तर न दिलेला नातेवाइकाचा फोन, यांच्याभोवती चिंता सर्वांत दाट असते. येथे चिंतेच्या उपचारांतला एक नियम लागू होतो: टाळल्याने तात्पुरते बरे वाटते आणि भीती मात्र पक्की होते. त्यामुळे परतायचे ते लहान पावलांनीच. पहिल्या दिवशी सोबतीला कोणी घेऊन पत्रे फक्त उघडावीत, वाचू नयेत. दुसऱ्या दिवशी वाचून तीन ढीग करावेत: पैसे भरायचे, उत्तर द्यायचे, फेकून द्यायचे. तिसऱ्या दिवशी पहिल्या ढिगातले एक काम करावे. उशिराबद्दल लांबलचक स्पष्टीकरण लिहायला गेले की पत्र पुन्हा अडकते. ‘उशिराबद्दल दिलगीर आहे, माहिती सोबत जोडली आहे’ एवढी ओळ पुरेशी असते.

मुलांच्या बाबतीत

अमेरिकेतील एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले, सात ते नऊ वर्षांची ५७९ मुले होती आणि त्यांतल्या सुमारे एकतृतीयांश मुलांना चिंताविकारही होता. अशा मुलांना वर्तनोपचारांचा, म्हणजे पालकांचे प्रशिक्षण आणि वर्गातील ठरलेल्या व्यवस्थेचा, विशेष लाभ झालेला आढळला. म्हणून पोटदुखीची तक्रार करत शाळा टाळणाऱ्या, परीक्षेच्या आधी रडणाऱ्या चंचल मुलाला अधिक धाक दाखवू नये. धाकाने तेवढ्यापुरते काम होते, पण पुढे आयुष्यभर भीतीवरच काम करण्याची सवय तेथूनच लागते. दप्तर भरण्याची यादी दारामागे लावावी, गृहपाठाचे लहान भाग करावेत, आणि काम पूर्ण झाल्याची दखल त्याच वेळी घ्यावी.

व्यवस्था मोडते तेव्हा

वर सांगितलेली कोणतीही व्यवस्था काही आठवड्यांनी ढिली पडण्याची शक्यता मोठी आहे, कारण नावीन्य ओसरले की एडीएचडी असलेल्या मनाची पकड सुटते. त्या क्षणी चिंता जुन्या जागेवर परत येते आणि ‘तुझ्याने काहीच होत नाही’ हे जुने वाक्यही परत येते. यासाठी पुन्हा सुरू करण्याची रीत आधीच, बरे चालले असताना लिहून ठेवावी आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी. तिच्यात तीनच गोष्टी असाव्यात: आजची तारीख घालून नवे पान उघडणे, आजचे एकच काम लिहिणे, आणि सोबतीच्या माणसाला ‘पुन्हा सुरू करतो आहे’ असा संदेश पाठवणे. मधल्या दिवसांची राहिलेली कामे त्या दिवशी मोजायची नाहीत. ती कशी भरून काढायची आणि व्यवस्था कुठे अडली, हे पुढच्या रविवारी सोबतीच्या माणसाबरोबर अर्धा तास बसून पाहावे, आणि जिथे ती दोनदा मोडली असेल तिथे नेटाने तीच न चालवता दुसरी रीत शोधावी.